पाणी भिंत ठोकायचं त्या वर्षी

आमच्याकडं नळाला पाणी चौथ्या दिवशी यायचं. सकाळी, ऊन ओट्यावर चढायच्या आत, तासभर. त्या दिवशी चूल उशिरा पेटायची. आदल्या रात्रीची भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर सगळ्यांची न्याहारी भागायची, कारण आईचे दोन्ही हात पाण्यात अडकलेले असायचे. रांजण, दोन हंडे, चार कळश्या, बादल्या, म्हशीच्या पाण्याचं पिंप, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा. आबा, म्हणजे माझे वडील, दारासमोर बाज टाकून बसायचे आणि पाण्याकडं बघत राहायचे. पाण्याकडं कसलं, आईच्या हाताकडं. एक कळशी भरली की ती उचलून दुसरी लावेपर्यंत नळ बंद पाहिजे, थेंब खाली पडता कामा नये, असा त्यांचा हुकूम. ओंजळभर जरी सांडलं तरी ते उठायचे, आणि उठले की मारायचे. हाताला येईल त्यानं मारायचे. चपलेनं, तांब्यानं, एकदा तर ज्वारी मोजायच्या मापट्यानं. त्या मापट्याचा काठ आईच्या भुवईवर लागला होता, तिथं केस पुन्हा आलेच नाहीत.

आमचं गाव सास्तूरच्या अंगाला. भूकंपात जुनं गाव पडलं, माझी आज्जी आणि पाठचा भाऊ दगडाखाली गेले, आणि मग माळावर नवं गाव वसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. लोक म्हणायचे, पोरगं गेल्यापासनं ह्याचं डोकं ठिकाणावर नाही, बिचाऱ्याला समजून घ्या. मला त्या बिचाऱ्या शब्दाचा अजून राग येतो. मी तेव्हा काही कुक्कुलं बाळ नव्हते, मला सगळं आठवतं. जुन्या गावातही ते मारायचेच. फक्त तिथल्या दगडी भिंती दोन हात जाड होत्या, आतला आवाज बाहेर जायचा नाही. नव्या गावातल्या भिंती एका विटेच्या. शेजारी कुणी खोकलं तरी कळायचं.

आणि शेजारी होते तात्या, आबांचे धाकटे भाऊ. दोघांना घरं शेजारीशेजारी मिळाली होती. मधल्या बोळात दोघांनी एकेक खोली काढली, ती मधे एकच भिंत घालून. नळाची जोडणीही एकच घेतली. रस्त्यावरून आलेली लोखंडी नळी त्या मधल्या भिंतीत शिरायची, एक फाटा आमच्याकडं, एक तात्यांकडं. तात्या स्वभावानं गरीब, दोन म्हशी राखून होते, दूध डेअरीला घालायचे. आबांपुढं मान वर करून बोलायचे नाहीत. पण एकदा आबांनी आईला त्या खोलीत धरलं आणि ती ओरडली, तेव्हा पलीकडून भिंतीवर तीन बुक्क्या बसल्या. मग तात्या दारात आले. आत आले नाहीत, चौकट धरून उभे राहिले. म्हणाले, "दादा, पुन्हा वैनीवर हात उचलला तर म्या हिकडं यीन." आबांनी नको नको ते बोलून घेतलं. दीर आणि भावजय यांच्याबद्दल माणूस जे घाणेरड्यात घाणेरडं बोलू शकतो ते सगळं, भर गल्लीत. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं.

त्यानंतर महिनाभरात आबांनी उमरग्याच्या बाजारातून नवा कॉक आणला. आमचा जुना नळ फिरकीचा होता, बंद करायला चार वेढे द्यावे लागायचे आणि तेवढ्यात पाणी सांडायचं. नवा कॉक पितळी, त्याला लांब दांडी. दांडी आडवी केली की बंद, सरळ केली की चालू. थाप मारली तरी मिटायचा. आबांनी तो स्वतः बसवला आणि आईला दहा वेळा उघडझाक करून दाखवला. आता सांडलं तर बहाणा चालणार नाही, म्हणाले.

पुढच्याच पाण्याच्या दिवशी भिंत वाजली. आई कळशी भरत होती, हंडा जवळ ओढायला तिला जरा उशीर झाला, आबा बाजेवरून उठले. ते उठलेले पाहून तिनं घाईघाईत कॉकवर थाप मारली, आणि भिंतीतून धाडकन आवाज आला. उखळात मुसळ घालावं तसा, पण जमिनीतून आल्यासारखा. भांडी थरथरली. आई किंचाळली, माझा हात धरला आणि आम्ही दोघी रस्त्यावर. आमच्या भागात असा आवाज आला की माणूस विचार करत नाही, पळतो. गल्लीतली पाचपंचवीस माणसं बाहेर आली, कुणी अंगावर साबण घेऊन, कुणी तान्हं लेकरू घेऊन. बघतात तर काही नाही. सगळी घरं उभी. मग लोक हसले, आईकडं बघून हसले. आबा दारात उभे होते आणि त्यांची नजर तात्यांच्या घरावर होती.

त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की तात्या भिंत ठोकतो. कारणही होतं, एकदा ठोकली होतीच. आणि आवाज यायचा तोही नेमका आबांनी हात उचलला की. आता मला त्याचा उलगडा एका वाक्यात करता येतो. ते उठले की आई घाबरायची, घाबरली की कॉक जोरात मिटायची, आणि जोरात मिटला की भिंत वाजायची. सावकाश मिटला तर काहीच व्हायचं नाही. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक? आबांना एवढंच दिसायचं की हात वर गेला की पलीकडून ठोका येतो. आणि ठोका आला की त्यांचा हात खाली यायचा. ते भिंतीकडं बघून शिव्या द्यायचे, थुंकायचे, पण हात खाली यायचा. पुढचे दोन महिने पाण्याच्या दिवशी आईनं एकदाही मार खाल्ला नाही.

त्या वर्षी मी बारावीत गटांगळी खाऊन घरी बसले होते. एकदा आबा लोहाऱ्याला गेलेले, आई रानात, आणि अवेळीच पाणी आलं. मी एकटीच भरत होते. सहज कॉकवर थाप मारली आणि धाडकन वाजलं. मी पळत सुटले आणि दारातच थांबले. परत आले. कॉक उघडला, सावकाश मिटला. काही नाही. उघडला, थाप मारली. धाड. भिंतीवर हात ठेवून केलं, तर आतली नळी हाताला हिसका मारत होती. मी पाच-सहा वेळा तसं केलं आणि एकटीच हसत बसले. भूत नाही, भूकंप नाही, तात्या नाहीत. पाणी होतं ते.

आई आल्यावर तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. मला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "मला ठावं हाय. कुणाजवळ बोलू नगंस." बस, एवढंच. मी तिच्याकडं बघत राहिले. माझी अडाणी आई, जिला आबा रोज गाढव म्हणायचे, तिनं हे माझ्याआधी ओळखलं होतं आणि गपचूप वापरत होती.

मग मीही वापरायला लागले. पाण्याच्या दिवशी कॉकजवळ मी बसायचे, आईनं फक्त भांडी उचलायची. आबांचा आवाज चढला की मी थाप मारायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं सांगते, मला त्यात मजा यायला लागली. ज्या माणसाला मी जन्मभर घाबरले त्याचा हात माझ्या एका थापेनं खाली येत होता. असला माज मला पुन्हा कधी आला नाही, येऊ पण नये.

आज मी धाराशिवला एका खाजगी संस्थेत पोरांना नळजोडणी शिकवते. नियमांच्या पुस्तकात ह्या धक्क्याबद्दल मोजकं लिहिलेलं आहे. पाण्याचा वेग हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही, झटक्यात मिटणारा कॉक किंवा कपडे धुण्याचं मशीन जिथं असेल तिथं धक्का सोसणारं साधन बसवायचं, नळी जागोजाग चिमट्यांनी आवळायची. पोरं पेंगत लिहून घेतात. मी त्यांना म्हणते, बाबांनो, हे पाठ करा, घरातल्या माणसाला कळायला पाहिजे की भिंतीत काय वाजतंय. ते हसतात. बाईंना नळाचं लईच येड, असं मागं म्हणतात, मला ऐकू येतं.

तर त्या दोन महिन्यांच्या शेवटी एका सकाळी पाण्याला जोर होता. आईच्या हातून बादली कलंडली. आबा उठले, हात उचलला, मी थाप मारली. धाड. हात खाली आला. ते पुन्हा बाजेवर बसले. इथं मी गप्प बसायला हवं होतं. काम झालं होतं. पण आबांचं पडलेलं तोंड बघून मला उकळी फुटली आणि मी कॉक उघडून पुन्हा थाप मारली. आणि आणखी एकदा. कारण काहीच नव्हतं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी कॉक सोडला.

आबा उठले. कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि बाहेर पडले. मला वाटलं रानात निघाले. मग पलीकडून चुलतीचा आवाज आला आणि आम्ही पळालो. तात्या गोठ्यात म्हशीखाली बसून धार काढत होते, दोन्ही गुडघ्यांत चरवी धरलेली. त्यांना मागून कोण आलं ते दिसलंच नाही. खोऱ्याचा पहिला घाव उजव्या कोपरावर बसला. मी पोचले तेव्हा दुसरा खांद्यावर बसत होता. म्हैस उधळली, दाव्यासकट खुंटा उपटून तात्यांच्या अंगावरून गेली. आबा ओरडत होते, "ह्याच हातानं ठोकत हुतास न्हवं? ठोक आता. ठोक की." तात्यांचा हात कोपरापासून भलतीकडंच वळला होता आणि पांढरं हाड बाहेर आलं होतं. चुलती तात्यांच्या अंगावर आडवी पडली तेव्हा तिसरा घाव तिच्या पाठीत बसला. गल्लीतल्या चार गड्यांनी आबांना मागून धरलं. तरी ते लाथा झाडत होते. आणि ह्या सगळ्या वेळात तात्या एकदाही म्हणाले नाहीत की मी ठोकलं नाही.

तात्यांना लोहाऱ्याला नेलं, तिथून पुढं सोलापूरला. हात वाचला, पण कोपर सरळ झालं नाही. बोटांत जोर राहिला नाही. धार काढणं संपलं. पोलीस पाटील विचारायला आले तेव्हा तात्यांनी सांगितलं की म्हशीनं लाथ घातली. पाटलांनाही माहीत होतं, गावालाही माहीत होतं, सगळ्यांनी मान हलवली.

तात्या घरी आल्यावर मी एक दिवस लपून त्यांच्याकडं गेले. ते भिंतीला टेकून बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मी रडत सगळं सांगितलं. कॉक, थाप, शेवटच्या दोन थापा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "माझ्या बी नळाला हिसका यायचा, पोरी. म्या काय येडा न्हाय."

"मग आबांना सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं असतं तर त्याचा हात कशानं थांबला असता?" मग हळू म्हणाले, "त्या दिवशी जरा जास्तच वाजवलंस." रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं, मी आजवर त्या एका वाक्यातून सुटले नाही.

त्यानंतर मी कॉक सावकाश मिटायला लागले. भिंत गप्प झाली. आबांना वाटलं, ठोकणारा हात मोडला म्हणून भिंत गप्प झाली. आणि ते पुन्हा मारायला मोकळे झाले, दोन महिन्यांची कसर भरून काढायला लागले. आईचा एक दात पडला. एकदा केस धरून त्यांनी तिचं डोकं रांजणावर आपटलं. मी कॉकजवळ बसलेली असायचे, दांडी हाताशी, आणि थाप मारू शकत नव्हते. मारली तर ते खोरं घेऊन तात्यांचा उरलेला हात तोडायला जातील. नाही मारली तर आई माझ्या डोळ्यांसमोर. असे कितीतरी पाण्याचे दिवस गेले.

मग भिंत ओली व्हायला लागली. एवढे धक्के खाऊन आतला नळीचा सांधा फुटला होता. पोपडे निघाले, विटा भिजल्या, आबांना भिंत पडायची भीती. त्यांनी उमरग्याहून युसूफमामा मिस्त्रींना बोलावलं. मामा म्हातारे, दाढीला मेंदी, बोलणं अर्धं दखनीत अर्धं मराठीत. नेमका पाण्याचा दिवस होता. त्यांनी भिंत फोडली, फुटका सांधा काढला, नळी बघितली आणि कपाळावर हात मारला. नळी आत मोकळीच सोडली होती, एक चिमटा नव्हता. त्यांनी नवा सांधा घातला, चार ठिकाणी चिमटे ठोकले, आणि कॉकच्या अलीकडं दीड हात नळीचा तुकडा उभा जोडून त्याचं वरचं तोंड टोपणानं बंद केलं. आबांनी विचारलं, हे कशाला. मामा म्हणाले, "इसमें हवा राहते. पळती बैलगाडी एकदम थांबवली तर मागचं पोतं बैलावर येते ना, तसं पाणी बी येते. आता ते हवेवर आपटंल, भिंतीवर न्हाय. सालातून दोनदा टोपण खोलून पाणी काढायचं, न्हायतर हवा संपते." मग पाणी आल्यावर त्यांनी आबांसमोर कॉकवर खणखणीत थाप मारली. काही नाही. दुसरी थाप. काही नाही. "देखो," म्हणाले, "आधी लई ठोकत असंल न्हवं भिंत? ह्या कॉकनं ठोकत होती." आणि उरलेले नळीचे तुकडे तिथंच टाकून, चहा पिऊन निघून गेले.

मी मनात देवाला म्हणत होते की ते जोडकाम बिघडू दे. आबा बराच वेळ कॉकजवळ उभे राहिले. स्वतः थाप मारून बघितली, चारदा, पाचदा. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला एक क्षण, एकच क्षण, वाटलं ते आता तात्यांकडं जाऊन पाया पडतील. म्हणाले, "मग त्यो बोलला का न्हाय मला?"

मी म्हणाले, "तुमचा हात थांबत हुता म्हणून."

ते माझ्याकडं वळले नाहीत. आईकडं वळले. "तुला ठावं हुतं," म्हणाले. "दोन म्हैने तू मला येडं केलंस. माझ्या भावाचा हात तुझ्यापायी मोडला." आई भरलेली कळशी कमरेवर घेऊन उभी होती. ती नाही म्हणाली नाही. त्यांनी तिच्या थोबाडीत मारली, कळशी पडली, पाणी घरभर झालं. पुन्हा हात वर गेला आणि मी बघितलं, आई भिंतीकडं बघत होती. सवयीनं बघत होती. भिंत चांगली दुरुस्त झाली होती. ती काही बोलणार नव्हती.

मामांनी टाकलेला हातभर नळीचा तुकडा माझ्या पायाशी होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि आबांच्या वर गेलेल्या मनगटावर मारला. वाळकी फांदी मोडावी तसं मनगट वाजलं. त्यांनी डाव्या हातानं माझा गळा धरला, मी दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा कुठं बसला आठवत नाही. ते चिखलात बसले. मी म्हणाले, "भिंत म्या ठोकत हुते. आईनं न्हाय, तात्यांनी न्हाय. म्या." माझा आवाज इतका शांत होता की मलाच भीती वाटली. त्यांना आणखी मारावं असं वाटत होतं. का थांबले, सांगता येत नाही.

पुढं लोक म्हणाले, पोरीनं बापावर हात टाकला, कलियुग आलं. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं परत गेली. आबांचं मनगट प्लास्टरमधून निघालं पण वाकडंच जुळलं. त्यांनी त्यानंतर मारलं नाही. सुधारले म्हणून नाही, मी घरात होते म्हणून. तात्यांकडं ते कधीच गेले नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते मनगट मोडल्यानंतरच्या चार दिवसांचं. आईनं आबांचा हात फडक्यात बांधला, त्यांना दवाखान्यात नेलं, घास भरवले, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी वाढलं तर ताट सरकवायची. मला वाटलं, गेली माझी आई, मीच तिला गमावलं. चौथ्या दिवशी पाणी आलं. आबा बाजेवर पडून होते, तोंड भिंतीकडं. मी कळशी लावली, आई दुसरी घेऊन शेजारी बसली. कळशी काठाला आली असेल. तिनं आबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला विचारलं, "तुझा हात दुखत न्हाय न्हवं?"

मी न्हाय म्हणाले. तेवढ्यात कळशी भरून वाहायला लागली, आणि आम्ही दोघींपैकी कुणीच कॉककडं हात नेला नाही.